उजवीकडचा पहारेकरी

मार्च लागला की आमच्या इमारतीचा आवाज आपोआप खाली येतो. कुणी नोटीस लावत नाही, कुणी सांगत फिरत नाही. पण तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी दहावी असते, तळमजल्यावर कुणाची तरी बारावी, आणि मग टीव्हीवरच्या सासू-सुनांची भांडणंसुद्धा कुजबुजत चालतात. जिन्यात भेटलेल्या बायका एकमेकींची तब्येत विचारायच्या आधी "पेपर कसा गेला?" विचारतात. कांजूरमार्गला या दिवसांत दुपारचं वारं फिरतं, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास घरात शिरतो आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मग त्या बंद घरात पंख्याची घरघर आणि वरून येणारी पाठांतराची भुणभुण, एवढंच ऐकू येतं. मला हा महिना आवडत नाही. माझ्या सगळ्या परीक्षा कधीच देऊन झाल्या, बऱ्या मार्कांनी पासही झाले, तरी मार्चमध्ये धास्ती वाटते. ती माझ्या परीक्षांची नाही.

या वर्षी ती ऑफिसात आली. मालाडला एका कंपनीत मी व्हिडिओ गेम तपासते. लोकांना वाटतं मी दिवसभर मजा करते. प्रत्यक्षात मी दिवसभर एकाच भिंतीला वेगवेगळ्या कोनांतून धडकत असते, कुठून आरपार जाता येतं का ते बघायला. दुसऱ्याच्या कामातल्या खोडी काढणं हे माझं काम आहे, आणि आई म्हणते ते खरं, स्वभावही तसाच आहे. आमच्या कामात एक शिस्त असते. गडबड एकदा झाली तर गप्प बसायचं, योगायोग असू शकतो. दुसऱ्यांदा झाली तर संशय घ्यायचा. आणि ठरवून, हवी तेव्हा, पुन्हा घडवून आणता आली, तरच तो दोष म्हणून लिहायचा. सोमवारी माझ्यासमोर एका हेराच्या गेमचा नवा भाग आला. त्याच्या आधीचा भाग मी घरी, आमच्या हॉलमध्ये, बाबांसोबत खेळले होते. अहवालाच्या कोऱ्या पानावर सवयीने दोन मथळे लिहिले, 'जमेच्या बाजू' आणि 'उणिवा', आणि हात तिथेच थांबला.

बाबा सिक्युरिटी गार्ड होते. भांडुपच्या एका गोदामाच्या गेटवर, दिवसपाळीला, सव्वीस वर्षं. त्या गोदामात कंटेनर उलटे आत येत. रस्त्यावर वाहतूक थांबवायची, कंटेनरच्या मागे एका बाजूला उभं राहायचं, शिट्टी वाजवत, हात हलवत त्या धुडाला गेटच्या दोन खांबांमधून मागे घ्यायचं, हे त्यांचं काम. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. तो शिट्टीवर विश्वास ठेवून गाडी सोडतो. सव्वीस वर्षांत त्या खांबांना साधा ओरखडा गेला नव्हता, आणि बाबा हे पाहुण्यांना पहिल्या चहाच्या आत सांगत.

गेमचा आधीचा भाग आला त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता उजवा हात सुटला, मग पाय. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले तेव्हा पाय चालत होता, बोलणं शाबूत होतं, पण उजव्या हाताची बोटं मुठीत राहायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते यातच येईल. कंपनीच्या सुपरवायझरने फोनवर सांगितलं, पाडव्यापर्यंत जागा ठेवतो, पुढे माझ्या हातात नाही. बाबांचं वय छपन्न. कंत्राटी गार्डचं गेट एकदा सुटलं की या वयात दुसरं मिळत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. घर माझ्या पगारात चाललं असतं. प्रश्न तो नव्हता. गेट नसलेले बाबा कसे असतात हे आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट ताई यायची. तिने दाबायला स्पंजचा चेंडू दिला. बाबांनी तो दिवाणाखाली टाकला.

"माका काय बाळ समाजलंस?" ते मला म्हणाले. ताईला बोलायची सोय नव्हती, म्हणून मला.

माझी ड्युटी तेव्हा सकाळी सातला सुरू व्हायची आणि पाचच्या आत मी घरी असायचे. हा गेम तेव्हा नुकताच बाजारात आला होता. मी स्वतःसाठी घेतला होता आणि हॉलमधल्या टीव्हीवर खेळायचे. बाबा दिवाणावर पडून बघायचे, कारण दुसरीकडे बघायला काही नव्हतं. पहिले दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून बसले.

"ह्यो कोटवालो कोण?"

"हेर आहे, बाबा. चोरून आत शिरायचं, कागद उचलायचे, कुणाला न दिसता बाहेर पडायचं."

"आणि हे उभे आसत ते?"

"ते गार्ड."

बाबा सरसावून बसले. माझा हेर एका गोदामात पेट्यांमागे लपला होता. मी एक बाटली लांब फेकली. गार्ड आवाजाच्या दिशेने गेला, इकडेतिकडे पाहिलं, "मांजर असेल" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि परत जागेवर येऊन उभा राहिला, जणू काही झालंच नाही.

"मेल्या, मांजर खयसून इला? आवाज बाटलेचो इलो," बाबा त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एक मिनिट नाय झाला, तर ह्यो इसारलो पण? आंधळा दळता नि कुत्रा पीठ खाता, तशी गत."

पुढे मी एका गार्डला मागून जाऊन बेशुद्ध पाडायला निघाले तर त्यांनी मला अडवलं. "तेका मारू नको गो. तेचो काय गुन्हो? उद्या सायब इचारतलो, तेची नोकरी जातली." मी बटणावरचं बोट काढलं. हजारो माणसांनी तो गेम खेळला असेल, त्या गार्डच्या नोकरीची काळजी फक्त आमच्याच घरात झाली असेल.

आठवड्याभरात कंट्रोलर त्यांच्या हातात गेला. आई त्याला रिमोट म्हणायची. उजव्या हाताची दोन बोटं मागच्या बटणांवर आणि अंगठा पुढच्या दांडीवर, अशी पकड लागते. स्पंजच्या चेंडूने जे होत नव्हतं ते गार्डांवरच्या रागाने झालं. फिजिओ ताईने बघितलं आणि म्हणाली, "काका, हाच व्यायाम. चालू ठेवा." मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं. आईने ते पाहिलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. आमच्याकडे रडायची जागा तीच आहे.

त्या गेमची खरी जमेची बाजू मला बाबांमुळे कळली. तो थांबणाऱ्याला बक्षीस देतो. बाकी सगळे गेम तुम्हाला पळवतात, हा तुम्हाला उभं करून ठेवतो आणि त्या उभं राहण्यातच छातीत धडधडायला लावतो. बाबा पेटीमागे पंधरा-पंधरा मिनिटं हेराला बसवून ठेवत. "रव वायच. तेची फेरी बघूया." कोणता गार्ड खिडकीशी रेंगाळतो, कोण वळणावर पाठ फिरवतो, कोण दिव्याखाली उभा राहतो आणि म्हणून त्याला पलीकडचं दिसत नाही, सगळं त्यांना दोन फेऱ्यांत पाठ व्हायचं. आवाजाचं काम तर अप्रतिम होतं. लादीवरचं पाऊल वेगळं, पत्र्यावरचं वेगळं, गालिच्यावर नुसता कापडाचा घासटा. पंखा बंद करून आम्ही ती पावलं ऐकायचो. वरून कुणाचं तरी इतिहासाचं पाठांतर चालू असायचं, खाली आम्ही बापलेक श्वास धरून बसलेलो, आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "मेला का तो? मग पोळ्या लाटायला घेऊ?"

उणिवा पुष्कळ होत्या, आणि मी त्या तेव्हाही मोजून दाखवत असे. गोष्ट पाणीदार होती, म्हणजे पाणी घातलेली. हेर आणि त्याचा साहेब कानातल्या यंत्रावरून इतकं बोलायचे की शत्रूला गुप्तहेर ठेवायची गरजच नव्हती. प्रत्येक मोहिमेच्या शेवटी, इतकी शांतता सांभाळल्यावर, अचानक स्फोट व्हायचे आणि बंदूक घेऊन पळत सुटावं लागायचं. अर्धा तास जे शिकवलं ते दोन मिनिटांत पुसून टाकायचं. तिथे बाबा कंट्रोलर माझ्याकडे द्यायचे, "ह्या तुझा तू कर," आणि चहा पीत पलीकडे बघत बसायचे. एक मोहीम आपल्याकडच्यासारख्या शहरात होती. सगळं पिवळं, धुळीचं, रस्त्याच्या मधोमध गाई. आई पदराला हात पुसत बाहेर आली, टीव्हीकडे बघितलं नि म्हणाली, "एवढ्या बायका घागरी घेऊन निघाल्यात कुठे? यांच्याकडे नळ नाही आला अजून?"

आता हसू येतं. तेव्हाही हसत होतो. पण त्याच संध्याकाळी बाबा तिसऱ्यांदा एकाच ठिकाणी पकडले गेले, आणि मी हसता हसता थांबले.

एक लांब व्हरांडा होता. मध्ये तिजोरीची खोली. गार्ड येताना दिसला तर मागे सरकायला भरपूर वेळ मिळत होता. बाबांसारखा सावध माणूस तिथे अडकायला नको होता. तरी गार्ड आला, अगदी जवळ आला, पडद्याच्या कडेला धोक्याची लाल खूण लखलखायला लागली, आणि बाबा शांतपणे समोर बघत बसलेले. हेर पकडला गेल्यावर दचकले. "ह्यो खयसून इलो?" असं विचारलं त्यांनी, गेम लबाडी करतो म्हणाले. मीही तेच म्हटलं. खोडी काढायची सवय, दोष गेमचाच असणार.

आमच्या टीव्हीचा उजव्या बाजूचा स्पीकर गेले वर्षभर बंद होता. उजवीकडून येणाऱ्या गार्डची पावलं ऐकूच येत नसतील, हे लगेच डोक्यात आलं आणि मी स्वतःवर खूश झाले. ऑफिसातून हेडफोन आणले, बाबांच्या कानांवर चढवले. ते पुन्हा पकडले गेले, उजवीकडून. मग वाटलं, उजव्या अंगठ्यात अजून जोर नाही, तिकडे वळून बघायची दांडी त्यांना वेळेवर ढकलता येत नाही. ते तर सरळच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी फिजिओ ताईला सांगून अंगठ्याचा वेगळा व्यायामही मागून घेतला.

पण त्या रात्री जेवताना मी त्यांच्या ताटाकडे बघितलं. डावीकडची चटणी संपली होती, कोशिंबीर संपली होती. उजवीकडे वाढलेली भाजी जशीच्या तशी. आई महिनाभर कुढत होती की पथ्याची अळणी भाजी यांच्या घशाखाली उतरत नाही, एवढं करते तरी किंमत नाही. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. बाबांनी भाजी बघितली, "ही कधी वाढलंस?" असं आईला विचारलं आणि सगळी खाल्ली. आई खूश झाली. 

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पाया पडायला आली. आमच्या इमारतीत पेपरला जाताना चार घरी नमस्कार करून जायची पद्धत आहे, कोणी हातावर दहीसाखर ठेवतं, कोणी पेन देतं. बाबा दिवाणावर बसले होते. ती त्यांच्या उजव्या बाजूला वाकली, पायांना हात लावला, आणि बाबा एकदम पाय आखडून घेत ओरडले, "कोण ता?" पोरगी घाबरली. आईने सावरून घेतलं, "आजारपणामुळे हल्ली दचकतात गं," म्हणाली. बाबांनी तिला नीट आशीर्वाद दिला, थट्टाही केली. ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवून मी दारात चपला घालत होते. त्या दिवशी मालाडपर्यंत बसमध्ये मला खिडकीबाहेरचं काहीही दिसलं नाही.

मी जे पुढे केलं ते माझं कामच होतं, आणि तरी त्याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, आज मी खेळते. तुम्ही नुसती नजर ठेवा. गार्ड दिसला की सांगा." म्हणजे बोटांचा प्रश्न उरला नाही. ते खुशीत ताठ बसले, त्यांना ती ड्युटीच वाटली. त्या व्हरांड्यात एक सोय होती. डावं दार वाजवलं की गार्ड डावीकडून यायचा, उजवं वाजवलं की उजवीकडून. मी हेराला खोलीच्या तोंडाशी उभं केलं आणि डावं दार वाजवलं.

"इलो," बाबा म्हणाले. गार्ड अजून पार टोकाला होता.

पुन्हा डावं. "इलो." पुन्हा. "इलो. तेची टोपी वाकडी आसा."

मग उजवं. गार्ड कडेने आत आला. मी पडद्याकडे नाही, बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते डोळे न मिटता बघत होते, अगदी मन लावून, गेटवर उभे राहत असतील तसे. गार्ड आला, चालत राहिला, हेराच्या खांद्याशी आला. बाबा बोलले नाहीत. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो तो आलाय, तिथेच आहे. मी दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग कंट्रोलर खाली ठेवला.

"आज डोळे दमले," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

माझ्याकडे एक वही होती. तिच्यात मी सगळं लिहून काढलं, ऑफिसात लिहिते तसं. कुठे, कोणत्या बाजूने, दिसलं की नाही. लिहिताना वाटत होतं, कागदावर उतरलं की भीती कमी होईल. उलट ती खरी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बोटं हलवून विचारलं होतं, किती दिसतात. मी तिथेच उभी होते. बाबांनी पटापट उत्तरं दिली होती, डोकं किंचित फिरवत, जराही न अडखळता. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता.

पाडव्याला पाच दिवस उरले होते. आईने निळा गणवेश धुऊन, कडक इस्त्री करून दाराच्या मागे अडकवला होता. कोपऱ्यावरचे डॉक्टर कामावर जायला हरकत नाही असा कागद देणार होते. त्यांनी बाबांना दवाखान्यात चालवून बघितलं, हातात हात घेऊन दाबायला सांगितला, "वा, पकड आली की," म्हणाले, आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कागद घेऊन जा म्हणून सांगितलं. येताना आम्ही रस्ता ओलांडायला उभे राहिलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. आपल्याकडे रस्त्यात पाऊल टाकलं की पहिली गाडी उजवीकडून येते. बाबांनी पाऊल टाकलं. मी त्यांचा शर्ट धरून मागे ओढला, आणि रिक्षा आमच्या अंगाला वारा लावून गेली. रिक्षावाला मागे वळून शिव्या देत होता.

"दिसली होती माका," बाबा म्हणाले.

मी घरी आल्यावर आईला सांगितलं नाही. पाच दिवस मी एका घरात राहून हेरगिरी करत होते, आपल्याच बापावर. तो गेम मला आवडला होता, कारण त्यात एकतर तुम्ही लपणारे असता नाहीतर शोधणारे. तुम्हाला काय करायचं ते स्पष्ट असतं. एखादं माणूस तुम्हाला पकडायचंही आहे आणि वाचवायचंही आहे, असा प्रसंग त्या हुशार लोकांनी केला नव्हता. ही त्या गेमची सगळ्यात मोठी उणीव, पण ती अहवालात लिहिण्यासारखी नव्हती. मी सांगितलं तर गेट जाणार, आणि मीच ते घालवलं हे त्यांना जन्मभर आठवणार. नाही सांगितलं तर उलटा येणारा एखादा कंटेनर असेल, त्याच्या उजव्या अंगाला एखादा हमाल असेल, किंवा बाबाच असतील. ड्रायव्हर शिट्टीवर विश्वास ठेवून गाडी सोडेल. रोज बसमध्ये मी वाक्यं जुळवायचे आणि घराच्या पायऱ्यांवर ती विसरायचे. बाबा मात्र रोज उत्साहात असायचे. "गेटार उभो रवलंय की सगळा ठीक होतला," म्हणायचे.

परवा या नव्या भागाबद्दल त्यांना फोनवर सांगितलं. आईबाबा आता गावी असतात, देवगडच्या अलीकडे. ते म्हणाले, "गार्ड सुधारले काय?" मी म्हटलं, थोडे. आता बाटली फेकली तर दुसऱ्याला हाक मारून सांगतात. बाबा म्हणाले, "तसाच होया. एकट्याक सगळा दिसणा नाय." आणि मग आंब्यांवर बोलायला लागले. मी फोन ठेवला तरी ते वाक्य कानात राहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली होती. दुपारी तीन वाजता आई साखरेच्या गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा आणायला बाजारात गेली. परत आली की आम्ही तिघं डॉक्टरांकडे कागद आणायला जाणार होतो. वारं फिरलं होतं, खिडक्या बंद होत्या. वर त्या मुलीचं पाठांतर चालू होतं, भूगोल असावा, नद्यांची नावं ऐकू येत होती. मी गेम लावायला उठले, काहीतरी करायचं म्हणून.

"खेळ नको आज," बाबा म्हणाले. "हय बस."

मी दिवाणावर त्यांच्याशेजारी, उजवीकडे बसले.

"त्या वहीत काय लिवतंस?"

"ऑफिसचं आहे."

"हापिसाचा तू कंप्युटरार लिवतंस. ह्या वेगळा आसा." ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर बंद टीव्हीकडे बघत होते. "वाच."

वही माझ्या पर्समध्ये होती. काढताना चेन अडकली. मला वाटत होतं आई आत्ता येईल, दार वाजेल, कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. मी वाचायला लागले, आणि माझा आवाज ऑफिसातल्या बैठकीत असतो तसा निघाला, कोरडा, कारण दुसऱ्या कुठल्याच आवाजात मला ते वाचता आलं नसतं. तिजोरीचा व्हरांडा. डावीकडून येणारा पहारेकरी प्रत्येक वेळी दिसला, लांबूनच दिसला. उजवीकडून येणारा दिसला नाही. हेडफोन लावूनही नाही. हाताने काही करायचं नव्हतं तेव्हाही नाही. जेवताना ताटाची उजवी बाजू. रस्त्यावरची रिक्षा. गेममध्ये उजवीकडून चुकलेले प्रसंग, एकूण सात.

वाचून झालं. वरच्या मजल्यावर नद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. बाबांचा उजवा हात मांडीवर होता, बोटं आपोआप मिटत-उघडत होती, व्यायामाची सवय लागली होती त्यांना. मी ओरड्याची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला तो हवा होता.

"सात नाय," ते म्हणाले.

मला वाटलं आता ते वाद घालणार, गेम लबाड आहे म्हणणार, आणि मी मनातल्या मनात हरायला तयार झाले. हरले असते तर सुटले असते.

"नऊ. दोनदा तू कामार होतंस."

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे मी नसताना ते एकटे तो व्हरांडा लावून बसत होते. म्हणजे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, कदाचित दवाखान्यातच कळलं होतं, आणि ते रोज बघत होते की आज तरी दिसतो का.

"पेन घे. ता आधी नीट कर," बाबा म्हणाले. "मगे डॉक्टराक दाखय."

मी सातवर काट मारून नऊ लिहिलं.  मी वही त्यांच्यापुढे धरली तर ते बघेनात, मान थोडी फिरवून शोधत राहिले.

"वही हय धर," ते म्हणाले, "डाव्या बाजूक. थय माका दिसणा नाय."

मी उठून त्यांच्या पलीकडे जाऊन बसले आणि वही डावीकडे धरली. त्यांनी सगळं वाचलं, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि उजव्या हाताने, बराच वेळ लावून, खाली सही केली.